उभयता

जबलपूर,
९ सप्टेंबर २०२४

चि. कृष्णकांत व चि. सौ. चारुशीला,
उभयतांस देवकीचे अनेक आशीर्वाद.

गौरींच्या गडबडीत लिहिते आहे, ओळी तिरप्या गेल्या तर चालवून घ्या. फोनवर आता मला काहीच्या बाही ऐकू येतं. कानातलं यंत्र शिट्टी वाजवतं, सुमंत ओरडतो आणि शेजारच्यांना वाटतं मायलेकांचं भांडण चाललंय. त्यापेक्षा पोस्टमन बरा.

बातमी आनंदाची आहे. आपल्या वेदिकाचं ठरलं. मुलगा इथलाच, बँकेत आहे. बोलतो कमी, पण जेवताना लाजत नाही, मला तेवढं पुरे. लग्न १२ डिसेंबरला.

आता मुद्द्याचं. माझी सून जाऊन सहा वर्षं होतील. गुरुजी म्हणतात सुमंतला एकट्याला कन्यादानाला बसता येणार नाही, जोडपं पाहिजे. सुमंतला भाऊ नाही. तेव्हा त्याचे मामा-मामी म्हणून तुम्ही दोघांनी बसायचं. तुम्हाला लेकरू नाही, हे सुख तुमच्या ओंजळीत पडावं असं मला कधीचं वाटत होतं. माझा भाऊ मला नाही म्हणणार नाही. चारू, तू फक्त त्याच्या कमरेचा पट्टा बॅगेत टाकायला विसरू नको.

सोबत पत्रिकेचा मसुदा आहे. छापणारा हिंदीवाला, आणि नात हिंदी शाळेत शिकलेली. ती मला विचारते, "आजी, उभयता मतलब दोघेही ना? मग दोघेही लिहिलं तर काय बिघडलं?" मला सांगता येईना. चारू, तू जन्मभर मराठी शिकवलंस, तू सांग.

तुमची,
देवकी


नागपूर,
१८ सप्टेंबर २०२४

ती. अक्कांना,
साष्टांग नमस्कार.

वेदिकाची बातमी वाचून आनंद झाला. मसुदा तपासून परत पाठवते आहे. "उभयतांनी"मधला अनुस्वार राहिला होता आणि "कृपाभिलाषी" चुकलं होतं. बाकी ठीक.

वेदिकाला सांगा, अर्थ दोघेही असाच आहे. कोशात बघितलं तर कोणतेही दोघे उभयता होऊ शकतात, दोन भाऊ, दोन शेजारी. वापरात तसं होत नाही. शेजाऱ्यांना कोणी उभयता म्हणत नाही. "दोघेही या" म्हटलं की दोन माणसं डोळ्यांपुढे येतात, एक आधी येईल, दुसरं ऑफिसातून परस्पर. "उभयता या" म्हटलं की एकाच रिक्षातून उतरणारं जोडपं दिसतं. वर्गात मी सांगायची, या शब्दाला एकवचन नाही. एकदा एका मुलीनं विचारलं, "बाई, मग त्यातल्या एकाबद्दल बोलायचं असेल तर?" मी म्हटलं, तर दुसरा शब्द घ्यायचा. तास संपला होता, मुली डबे काढत होत्या.

कन्यादानाचं मात्र नक्की सांगता येत नाही. यांना फार वेळ मांडी घालून बसवत नाही. सुमंतच्या सासरकडचं कोणी असेल तर विचारून ठेवावं.

इकडे सगळं ठीक. ऊन अजून उतरलेलं नाही. गोपिका कामाला येते.

आपली,
चारुशीला


जबलपूर,
२७ सप्टेंबर २०२४

चि. सौ. चारुशीला,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वेदिकाला वाचून दाखवलं. एकाच रिक्षातून उतरणारं जोडपं, हे तिला फार आवडलं. म्हणाली, मग हाच शब्द ठेवा.

पण माझ्या मनाला लागून राहिलं. तू असं तुटक कधी लिहीत नाहीस. तुम्हाला लेकरू नाही असं मी लिहिलं, ते तुला बोचलं का? मी म्हातारी, हातातून जातं काहीतरी. राग धरू नको. मांडी घालता येत नसेल तर पाट उंच करू. हल्ली खुर्चीवरही बसतात.

सुमंतनं कृष्णाला फोन लावला होता. कृष्णा म्हणाला, "चारूला विचार." एवढंच. सुमंत सांगत होता की मागे काही आवाजच नव्हता, ना भांड्याचा, ना टीव्हीचा. तू घरी नव्हतीस का?

सासरकडच्यांचं नाव काढू नको. तुम्ही उभयता नसाल तर मी तो मांडव बघणार नाही.

देवकी


नागपूर,
६ ऑक्टोबर २०२४

ती. अक्कांना,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही काही चुकीचं लिहिलं नव्हतं. चूक माझी. मी तुम्हाला खरं सांगितलं नाही.

हे आता या घरात राहत नाहीत. मार्चमध्ये गेले. मनीषनगरला एक खोली आणि स्वयंपाकघर भाड्याने घेतलं आहे.

भांडण झालं नाही. तुम्ही हेच आधी विचाराल म्हणून सांगते. सकाळचा चहा झाला होता. मी मेथी निवडत होते. हे समोर येऊन बसले आणि म्हणाले, "चारू, मला एकट्यानं राहायचं आहे."

मला वाटलं, कुठे चार दिवस जायचं म्हणतात. मी विचारलं, "कुठे?"

"कुठे नाही. इथेच, नागपुरात. पण वेगळं."

"माझं काही चुकलं का?"

"तुझं काही नाही. माझी एकही तक्रार नाही. लहानपणी मी अक्काचा भाऊ होतो, मग तुझा नवरा झालो, ऑफिसात साहेबांचा माणूस होतो. मला आता कोणाचा कोणीतरी म्हणून राहायचं नाही. थोडी वर्षं उरलीत."

दुसरी बाई नाही, अक्का. असती तर मला निदान कोणावर चिडायचं ते कळलं असतं. गेले त्या दिवशी गादी, रेडिओ आणि कपडे नेले. दारातून परत आले. मला वाटलं, आता म्हणतील जाऊ दे. तर म्हणाले, "गिझर चालू राहिला होता, बंद केलाय."

मी मेथीची भाजी केली. जेवले. मला काही झालं नाही. म्हणजे काहीच झालं नाही. दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात ना, मग गालाला हात लावला तरी तो दुसऱ्याचा वाटतो, तसं. ते उतरेल म्हणून मी वाट बघत राहिले.

गोपिकेला सांगावंच लागलं. ती म्हणाली, "भांडन नाही, दारू नाही, आन मानूस घर सोडते? काहून?" मी म्हटलं, मला माहीत नाही. ती म्हणाली, "तुमी रडून घ्या बाई एकडाव. पोटात ठेवान तं बिमार पडान." मी खरंच प्रयत्न केला. रडू आलं नाही. मग तिला म्हटलं, ओटा पुसून घे.

ऑगस्टमध्ये आम्ही कौटुंबिक न्यायालयात अर्ज केला. तो त्यांचा आग्रह. म्हणाले, नुसतं वेगळं राहिलो तर लोक समजूत घालून परत आणून बसवतील. मला नाही म्हणायला कारण सापडलं नाही, म्हणून सही केली. अर्जाआधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, ते वकिलीणबाईंनी आधीपासून एकाच घरात वेगळे राहत होतो असं लिहून भागवलं. मग सहा महिने थांबायचं असतं, पुढची तारीख फेब्रुवारीत आहे. अर्जात जागोजागी "उभय पक्ष" लिहिलं होतं. उभय पक्षांस मान्य आहे, उभय पक्षांमध्ये सलोख्याची शक्यता उरलेली नाही. वकिलीणबाई वाचत होत्या आणि मी व्याकरण तपासत होते. चूक नव्हती. लग्नाच्या पत्रिकेत आणि या कागदात तोच शब्द चालतो, हे मला इतकी वर्षं शिकवताना सुचलं नव्हतं.

सुमंतनं फोन केला तेव्हा मी घरीच होते. हे तिकडे होते, म्हणून मागे आवाज नव्हता.

आता तुम्हीच सांगा, मी पाटावर कशी बसू?

चारुशीला


जबलपूर,
१४ ऑक्टोबर २०२४

चारुशीला,

पत्र पोचलं. दसऱ्याला सोनं वाटायला लोक आले होते आणि मी पत्र पदराखाली धरून बसले होते.

कोर्ट? या वयात? अगं, पुरुष म्हातारपणी सटकतात. कोणी देवधर्मात सटकतात, कोणी जमिनीत. बाईनं धरून ठेवायचं असतं. तू मेथी निवडताना तो बोलला आणि तू मेथीच निवडत राहिलीस? उठून त्याचा हात धरला नाहीस? मला एक कार्ड टाकलं असतंस तर मी आले असते, कान धरून घरी आणला असता. सहा महिने तू मला "सगळं ठीक" लिहीत राहिलीस.

फेब्रुवारीपर्यंत तुम्ही नवराबायको आहात ना? मग डिसेंबरात पाटावर बसायला अडचण कसली? पत्रिका छापून आल्या आहेत. तुमची दोघांची नावं आहेत. वेदिकाला यातलं काही कळता कामा नये.

देवकी


जबलपूर,
५ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. चारुशीला,
अनेक आशीर्वाद.

दिवाळी गेली. तुझं पत्र आलं नाही. तुझ्या हातच्या अनारशांचा डबा दरवर्षी सुमंतच्या नावे येतो, तोही आला नाही. माझं ऑक्टोबरचं पत्र रागाचं होतं. ते फाडून टाक.

भाऊबीजेला कृष्णा आला. न कळवता, एकटा. मी दार उघडलं आणि सवयीनं त्याच्या मागे बघितलं. मागे कोणी नव्हतं. मला तेव्हा कळलं की हे खरं आहे. कागदावर वाचून कळलं नव्हतं.

ओवाळलं. मग सुमंतला बाहेर पाठवलं आणि पाटी घेऊन बसले, वेदिकाची लहानपणची. त्यानं लिहायचं, मी बोलायचं. मी विचारलं, सुखी आहेस का? त्यानं लिहिलं, "शांत आहे." मी विचारलं, जेवतोस काय? लिहिलं, "खिचडी. जमते." मी विचारलं, आणि ती? त्यानं खडू खाली ठेवला. मग पाटी पुसली आणि कोरीच मला परत दिली.

वाळला आहे. सदऱ्याला बटण नव्हतं. मी ते लावून द्यायला उठले आणि मग बसले. म्हटलं, एकट्यानं राहायचंय ना, लाव तुझं तू.

कन्यादानाचं विचारलं तर म्हणाला, चारू हो म्हणाली तर बसेन, तिनं नाही म्हटलं तर तिला कोणी काही म्हणायचं नाही. तेव्हा आता तुझ्यावर आहे. मी आग्रह करत नाही. आग्रह करते आहे, पण तू तो मानू नको.

देवकी


नागपूर,
१४ नोव्हेंबर २०२४

ती. अक्कांना,
साष्टांग नमस्कार.

येते. मी हो म्हणावं की नाही यावर पुष्कळ विचार केला असं लिहायला हवं, पण केला नाही. तुमचं पत्र वाचलं, वेदिका डोळ्यांपुढे आली, आणि पेटीतलं जरीचं लुगडं काढून उन्हात टाकलं. त्यांची तिकिटं त्यांनी काढायची, माझी मी.

अनारसे या वर्षी केले नाहीत. लग्नाला येताना करून आणते.

चारुशीला


नागपूर,
२२ डिसेंबर २०२४

ती. अक्कांना,
साष्टांग नमस्कार.

सुखरूप पोचले त्याला आठवडा झाला. तुम्ही निघताना माझा हात धरून विचारलंत, "झालं ना सगळं नीट?" मी हो म्हटलं. तिथे माणसं होती. आता लिहिते.

लग्न छान झालं. तुमचा नातजावई खरंच जेवताना लाजत नाही.

तुम्ही समोर खुर्चीवर बसून माझ्याकडे बघत होतात, मला दिसत होतं. गुरुजींनी यांच्या हाताखाली माझा हात धरायला सांगितला, पाणी सोडलं. मला वाटलं होतं की त्या वेळी काहीतरी होईल. नऊ महिन्यांनी मी यांच्या हाताला हात लावत होते. काही झालं नाही, अक्का. बसमध्ये उभं राहताना वरची दांडी धरतो, तसा तो हात होता. मी फक्त बघत होते की पाणी लुगड्यावर सांडू नये.

वेदिका गळ्यात पडून रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. ती म्हणाली, "चारूआजी, तुम्ही दोघं होता म्हणून आईची जागा रिकामी नाही वाटली." मी म्हटलं, "हो गं." दोन दिवस सगळे असंच बोलत होते. तुम्ही दोघं इथे झोपा, तुम्ही दोघं जेवून घ्या, तुमचा दोघांचा फोटो राहिला. चांगुलपणानंच. पण कोणी मला एकटीला काही विचारलं नाही. मी सवयीनं यांच्या ताटात वाढत गेले, आणि दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की माझं जेवण राहिलं आहे.

परतीच्या गाडीत आमची तिकिटं वेगळ्या डब्यांत होती. सकाळी पांढुर्णा गेल्यावर हे चहाचे दोन कप घेऊन माझ्या डब्यात आले. खिडकीपाशी बसले. संत्र्याच्या बागा जात होत्या.

म्हणाले, "चारू, त्या तारखेला नको जायचं का?"

"का?"

"बरं वाटलं हे दोन दिवस."

"मांडव होता. सगळे होते."

"तू होतीस."

मी चहा पीत राहिले. ते रडले, अक्का. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलेलं मी तुमची आई गेली तेव्हा बघितलं होतं, त्यानंतर आता. समोरच्या बाकावरची बाई दुसरीकडे बघायला लागली.

"मी परत येऊ का? गादी-रेडिओ घेऊन येतो, झालं. लोकांना कळायचंही नाही."

माझ्या तोंडून "नाही" आलं. विचार करून नाही म्हटलं असं नाही, ते आधी बाहेर पडलं आणि मग मी ऐकलं. त्यांनी विचारलं, "रागावलीस?" राग असता तर बरं झालं असतं. मला एवढंच माहीत होतं की मार्चनंतर मी एकटीनं दिवस काढायला शिकले आहे. सुरुवातीला भाजीवाल्यानं काय देऊ विचारलं तरी मला उत्तर येत नसे. हे काय खातील तेच डोक्यात यायचं. आता मी माझ्यासाठी कारली घेते. यांना वास चालत नाही म्हणून या घरात कधी आणली नव्हती. एवढीशी गोष्ट आहे, हसाल तुम्ही. पण ती माझ्यापाशी आहे, आणि तुमच्या मांडवात दोन दिवसांत ती नाहीशी होताना मी बघितली.

हे मी त्यांना सांगितलं नाही. फक्त म्हटलं, "तुम्ही शांत आहात ना? मग राहा." त्यांनी कप खिडकीतून टाकायला हात उचलला, मग टाकला नाही. काटोल आलं. ते आपल्या डब्यात गेले.

नागपूरला उतरल्यावर त्यांनी माझी बॅग रिक्षापर्यंत आणून दिली. मग आपली रिक्षा बघायला पुढे गेले.

तुमच्या भावाला मी परत घेतलं नाही. तुम्हाला हे दुसऱ्याकडून कळू नये म्हणून लिहिलं.

चारुशीला


नागपूर,
२१ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कांना,
साष्टांग नमस्कार.

डिसेंबरच्या पत्राला तुमचं उत्तर आलं नाही. मी ते समजू शकते. पण हेही कळवायला हवं.

काल तारीख होती. न्यायाधीश बाई तरुण होत्या, माझी विद्यार्थिनी शोभेल एवढ्या. त्यांनी आम्हाला एकेकाला विचारलं, कोणाचा दबाव आहे का? मी सांगितलं, नाही. मग यांना विचारलं. बाईंनी पुन्हा विचारलं. यांनी माझ्याकडे बघितलं. तुम्हाला माहीत आहे ती नजर. लग्नाकार्यात समोरचा माणूस कोण ते आठवलं नाही की हे असेच माझ्याकडे बघायचे आणि मी हळूच नाव सांगायची. काल मी समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. शेवटी ते म्हणाले, "नाही. माझीच इच्छा होती." होती म्हणाले. बाईंनी लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर विचारलं, "तुला सोडू का?" मी म्हटलं, बसनं जाईन. बसस्टॉपवर बसले. माझी बस आली आणि गेली, त्यानंतरचीही गेली. गोपिकेचा फोन आला. "बाई, दळन आनू का? आन कुठी बसून राहिल्या तुमी? घरी या, मी थांबली हाओ." मग उठले.

घरी आल्यावर वाटलं, आता तरी रडू येईल. नाही आलं. पोळ्या केल्या.

एक गोष्ट विचारायची आहे. तुम्ही माझ्या नणंद होतात म्हणून मी तुम्हाला अक्का म्हणत आले. निकालात घर, दागिने, पेन्शन सगळ्याचं लिहिलं आहे, पण याबद्दल कोणी काही लिहिलेलं नाही. आता मी तुम्हाला पत्र लिहायचं का? लिहायचं तर काय म्हणून? नको असेल तर तसं कळवा. मला वाईट वाटणार नाही. सध्या मला फारसं काही वाटतच नाही.

चारुशीला


जबलपूर,
१ मार्च २०२५

चि. चारुशीला,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या डिसेंबरच्या पत्राला मी चारदा उत्तर लिहिलं आणि चारदा फाडलं. पहिल्यात तुला शिव्या होत्या. दुसऱ्यात कृष्णाला. तिसऱ्यात मी माझंच लिहीत बसले. आमचे हे गेले तेव्हा सुमंत नववीत होता. लोक म्हणाले, बिचारी एकटी पडली. आणि मला आठवतं, तेराव्यानंतर पहिल्या सकाळी मी खिडकी उघडून पहिल्यांदा माझ्या मनासारखा कडक चहा केला होता. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. माझं माणूस मला हवं होतं तरीसुद्धा. चौथ्या पत्रात काय होतं ते आता आठवत नाही.

काय म्हणून लिहू, असं विचारतेस. मला माहीत नाही. भाऊ माझा आहे, तो माझाच राहील. त्याच्याकडे मी एक दिवस खिचडी खायला जाणार आहे. पण राहायला तुझ्याकडे येते आहे. सुमंत नको म्हणतो. म्हणतो, कोणत्या नात्यानं जातेस? मी त्याला म्हटलं, बॅग माळ्यावरून काढ.

पुढच्या शुक्रवारी सकाळच्या गाडीनं येते. आले की किती दिवस राहीन ते सांगता येत नाही. तू रडलीस तर मी आहे, आणि नाही रडलीस तर माझं विणकाम बरोबर आणते, शेजारी बसून विणत राहीन.

सुमंत इथे मला बसवून देईल, तिथे तू लागशील. डब्याच्या पायऱ्या उंच असतात आणि माझा उजवा गुडघा वाकत नाही. खाली उभी राहून हाक मारू नको. वर ये आणि हात दे.

तुझी,
अक्का